चार बायकांत एक चष्मा

लहान बाळांचे कपडे शिवणाऱ्या त्या कारखान्यात शेवटचा हात फिरायचा तो बटणांच्या टेबलावर. मशीनवरून आलेल्या झबल्यांना हातानं बटणं लावायची, सुटे दोरे कापायचे, उलटसुलट करून बघायचं आणि मगच घडी घालायची. या टेबलावर चार बायका होत्या, त्यांतली म्होरकी मावशी. बावीस वर्षं तिनं त्याच स्टुलावर काढली होती. अख्खा कारखाना तिला मावशीच म्हणायचा. शेजारच्या स्टुलावरची तिची धाकटी जाऊ तेवढी घरच्यासारखं ‘जाऊबाई’ म्हणायची.

जुन्या मालकांच्या वेळी वर्षातून एकदा डोळ्यांचे डॉक्टर यायचे. जेवणाच्या खोलीतल्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगायचे, झाडूवाल्यापासून कटिंग मास्तरापर्यंत सगळ्यांचे डोळे तपासायचे आणि ज्याला लागेल त्याला आठवड्याभरात कंपनीकडून चष्मा मिळायचा. यात कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. बाळाच्या अंगाला लागणारा कपडा हातातून जाणार, तर त्या हाताच्या मालकिणीला दिसायला नको का? एवढं समजायला काही फार शिकावं लागत नाही.

पण नवे मॅनेजर फार शिकलेले होते. त्यांच्या शर्टावर दिवसभर सुरकुती म्हणून पडत नसे, त्यामुळे बायकांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव ‘इस्त्री’ ठेवलं होतं. इस्त्रीसाहेबांनी आल्या आल्या फायली उलगडल्या आणि डॉक्टरांचं येणं बंद करून टाकलं. म्हणे, चष्मा ही ज्याची त्याची खासगी बाब आहे. हेडक्लार्क म्हातारे होते, ते दबकत म्हणाले, “साहेब, दात कोरून पोट भरत नाही.” साहेबांनी त्यांना तुमचं टेबल सांभाळा म्हणून सांगितलं. त्या वर्षी चष्म्याऐवजी प्रत्येकीला एक कप मिळाला. त्यावर लिहिलं होतं, ‘आपण सारे एक कुटुंब’. चहा ज्याचा त्यानं आणायचा.

दोन वर्षं गेली. डोळे काही मॅनेजरला विचारून म्हातारे होत नाहीत. मावशीचा जुना चष्मा आधी पुसट झाला, मग त्याची काडी मोडली. दवाखान्यात जायचं तर दिवसाचा पगार बुडणार, वर डॉक्टर आणि चष्मा पदरचे पैसे मोडून. आणि दिसत नाही असं तोंडानं म्हणायची सोय नव्हती, कारण म्हणेल तिला खोके भरायला पाठवत आणि पगार खाली येई. मग बायकांनी बायकांसारखाच मार्ग काढला. धाकट्या जावेचा एक चष्मा धड होता, तो टेबलावर फिरू लागला. सुई ओवायची वेळ आली की हात पुढे यायचा, “दे गं जरा.” नंबर कुणाचाच कुणाला जुळत नव्हता. संध्याकाळी चौघींची डोकी ठणकायची आणि चौघी एकमेकींना सांगायच्या, आज उकडलं फार.

आणि व्हायचं ते झालं. हातातली सुई मोडली की तिचे सगळे तुकडे शोधून वहीत चिकटवायचे, हा तिथला नियम. मावशीची सुई मोडली. तिनं तुकडे शोधले, चिकटवले, बोटानं चाचपून पूर्ण आहेत असं ठरवलं. नखाएवढं टोक राहिलं होतं ते तिला दिसलं नाही. माल घेणाऱ्या कंपनीची तपासनीस बाई आली, तिनं गठ्ठ्यातलं एक झबलं उचललं आणि टोक तिच्या बोटात घुसलं. बाळाच्या अंगात घुसलं असतं, या विचारानं मावशी त्या दिवशी जेवली नाही. चूक तिच्याच हातची होती, हे तिनं स्वतःपासून लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला ऑफिसात बोलावलं. इस्त्रीसाहेब खुर्चीत, तपासनीस बाई शेजारी बोटाला पट्टी लावून, आणि कोपऱ्यात हेडक्लार्क.

“तुम्हाला डोळ्यांत तेल घालून काम करा म्हणून किती वेळा सांगितलं?” साहेबांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. “सही करा आणि विषय संपवा.”

“काय लिहिलंय यात?”

“जे झालं तेच. वाचता येतं ना?”

“येतं की. चष्मा द्या.”

“कुणाचा?”

“तुमचा. माझा नाहीये.”

साहेब तपासनीस बाईकडे बघून हसले आणि औदार्य दाखवावं तसा आपला चष्मा काढून दिला. मावशीनं तो नाकावर चढवला. नंबर थोडा कमी पडत होता, तरी अक्षरं उभी राहिली. मग तिनं पदराला टोचलेली सुई काढली, कमरेला खोचलेलं दोऱ्याचं रीळ काढलं आणि दोन्ही वस्तू साहेबांसमोर ठेवल्या.

“मी वाचते तोवर एवढी ओवून ठेवा.”

“हा काय पोरखेळ आहे?”

“ओवा ना,” तपासनीस बाई म्हणाली. ती हसत नव्हती.

आता गिऱ्हाइकासमोर नाही कसं म्हणायचं? साहेबांनी दोरा ओला केला, सुई लांब धरली, जवळ आणली, उजेडाकडे केली. दोरा कधी डावीकडून जायचा, कधी उजवीकडून. कपाळावर घाम आला.

मावशी कागद वाचत होती. हलगर्जीपणा केला म्हणून मी स्वखुशीनं काम सोडते, आणि निवृत्तीच्या रकमेवर हक्क सांगणार नाही. स्वखुशीनं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं एका कागदात गुंडाळून टाकायची आणि वर खुशीही तिचीच लिहायची!

“ओवली?” तिनं विचारलं.

“चष्म्याशिवाय कसं जमेल?” साहेब चिडून म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना कळलं आपण काय म्हणालो.

“तेच. आम्ही दोन वर्षं जमवतोय. हा चष्मा पदरचा का हो तुमचा?”

कोपऱ्यातून हेडक्लार्क खाकरले. “अधिकाऱ्यांना दरवर्षी मिळतो. तो बंद नाही केला.”

“मग चोर सोडून संन्याशाला फाशी का?” मावशीचा आवाज चढला. “सुई माझ्या हातनं मोडली, ते मी वहीत लिहून देते. पण दिसत नव्हतं हे कोण लिहून देणार? या बाईंच्या बोटातनं रक्त आलं ते माझ्या एकटीच्या नावावर नाही चढणार. मी सही करत नाही.”

तिनं चष्मा काढून कागदावर ठेवला आणि चालू लागली.

तपासनीस बाईनं त्या खोलीत नंतर काय सांगितलं ते हेडक्लार्कनी हळूच पोचवलं. टेबलावरच्या बायकांचे डोळे तपासल्याशिवाय पुढचा माल उचलणार नाही, असं ती म्हणाली होती. कागद फाडला गेला. जे माणसांसाठी झालं नाही ते मालासाठी झालं, याचाही मावशीला रागच आला.

महिन्याभरात भिंतीवर तक्ता लागला. तेच डॉक्टर, थोडे वाकलेले. इस्त्रीसाहेब फोटोसाठी शेजारी उभे राहिले होते. कामगारांचं आरोग्य हीच आमची संपत्ती, असं काहीसं बोलूनही झालं होतं. धाकटी जाऊ तपासून आली, मग मावशी बसली.

डॉक्टरांनी तिचा उजवा डोळा पाहिला. डावा पाहिला. पुन्हा पाहिला, आतला दाब मोजला आणि खुर्ची जवळ ओढली.

“वाचायचा चष्मा देतो. पण हा डावा डोळा... याला काचबिंदू म्हणतात. दुखत नाही, कळत नाही, कडेकडेनं नजर खात जातो. यातली बरीच गेलीय. गेली ती परत येत नाही, उरलेली थेंबांनी राखता येईल.” ते कळवळून म्हणाले, “मावशी, दोन वर्षांपूर्वी दाखवलं असतं तर वाचवली असती हो. का नाही दाखवलंत?”

मावशीनं मान पूर्ण वळवली, तेव्हा कुठं तिला डावीकडे उभे असलेले साहेब दिसले.

“मी तर रोज इथंच होते, डॉक्टर,” ती म्हणाली. “तुम्हाला येऊ दिलं नाही.”