रिकामा बोर्ड

“पंखा बंद करा,” असं म्हणून शालनताईंनी दाराशीच चपला काढल्या.

म्हातारीला वारं सोसत नसेल असं मल्लाप्पाला वाटलं. त्याने मुकाट्याने पंखा बंद केला. बंगळूरच्या चामराजपेटातल्या त्याच्या गोदामात जुने लाउडस्पीकर आणि अँप्लिफायर एकावर एक रचलेले होते. मधल्या टेबलांवर दोन मिक्सिंग कन्सोल मांडले होते. शालनताईंच्या काळी त्याला नुसतं बोर्ड म्हणत. गाणारीचा, पेटीचा, तबल्याचा आवाज वेगवेगळ्या तारांनी त्यात यायचा आणि फेडरच्या खुंट्या वरखाली सरकवून तो जुळवायचा. कॅसेटच्या जमान्यापासून त्यांनी आयुष्यभर हेच काम केलं होतं.

त्यांच्याबरोबर आलेली नात वल्लरी मारतहळ्ळीची नोकरी सोडून बनशंकरीच्या घरात, वरच्या खोलीत स्टुडिओ थाटायला निघाली होती. तिला जुनाच बोर्ड हवा होता. “अज्जी सांगेल तोच घ्यायचा,” असं तिने घरात जाहीर करून टाकलं होतं आणि तेव्हापासून शालनताई इथे यायचं आज-उद्या करत होत्या.

कारण त्यांना कुकरची शिट्टी ऐकू येईनाशी झाली होती. आधी वाटलं, कुकरच बिघडला. मग हातातल्या बांगड्यांची किणकिण गेली. बोलणं नीट ऐकू यायचं, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही आणि त्यांनी तो लागू दिला नाही. घरात त्यांच्या कानांचा शब्द शेवटचा असे. तंबोरा लागला का, इथपासून पाण्याच्या पंपाचा आवाज का बदलला, इथपर्यंत सगळं त्यांनाच विचारत. तेही गेलं, तर मागे दुपारी भाजी निवडत बसणारी एक म्हातारी तेवढी उरणार होती.

“अक्का, आधी हा बघा की,” मल्लाप्पा म्हणाला. तो मूळचा निपाणीकडचा. “बाजू सागवानी हाईत. असला माल आता गावायचा नाही बघा.”

बोर्ड खरोखर देखणा होता. शालनताईंनी स्पीकरची सोडून बाकी सगळ्या तारा काढायला लावल्या. त्यांच्या जुन्या स्टुडिओचे मालक आप्पाजी कुठलंही रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी पंखे बंद करवत, सगळ्यांना चपला काढायला लावत आणि सगळे फेडर वर नेऊन रिकामा बोर्ड ऐकत. गाणं नसताना बोर्ड स्वतः काय बोलतो, ते आधी कळायला हवं, असा त्यांचा हट्ट असे. बोर्डाला तोंड असतं तर त्याने आप्पाजींना शिव्या दिल्या असत्या, असं वादक म्हणत.

शालनताईंनी डोळे मिटले आणि एकेक फेडर वर नेला.

काहीच नाही. इतकी निर्मळ शांतता त्यांनी कुठल्याच बोर्डात ऐकली नव्हती.

“किती शांत आहे गं,” त्या म्हणाल्या. “हाच घे.”

त्यांनी डोळे उघडले, तेव्हा स्पीकरवर निजलेलं मांजर कान पाडून खाली उडी मारत होतं. वल्लरीचा हात स्पीकरचं बटण मागे फिरवत होता. मल्लाप्पा खांद्यावरच्या फडक्याने काहीतरी पुसत होता आणि वर बघत नव्हता.

“सरी, अज्जी,” वल्लरी म्हणाली. “हाच घेऊ.”

तिच्या आवाजातली दया मात्र शालनताईंना स्वच्छ ऐकू आली. तळपायाखालची फरशी गार पडल्यासारखी वाटली. आत्ता गप्प राहिलं तर घरी कुणालाच काही कळणार नव्हतं. पोरगी हा बोर्ड घरी नेईल, त्याच्याशी झुंजत बसेल आणि अज्जीने निवडला म्हणून जन्मभर कुणाला सांगणार नाही.

“काय ऐकू आलं तुला?”

“स्वल्प सूं होतं.”

“स्वल्प?”

वल्लरीने मान खाली घातली. “खूप होतं, अज्जी. तव्यावर पाणी टाकल्यासारखं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू शांत म्हणालीस ना.”

शालनताईंनी पदराने चेहरा पुसला. मग दुसऱ्या बोर्डापुढे खुर्ची ओढली. त्याचा रंग उडालेला होता आणि एका कोपऱ्याला पोचा होता. “बस इथे. डोळे मीट. सूं आलं, खरखर आली, की बोट वर कर. माझ्या तोंडाकडे बघायचं नाही.”

आप्पाजी असेच खुर्चीत बसत आणि त्या उभ्या राहून फेडर सरकवत. आता त्या नातीच्या कपाळाकडे बघत एकेक खुंटी वर नेऊ लागल्या. बरंच पुढे गेल्यावर वल्लरीचं बोट वर झालं. शालनताईंनी तोच फेडर दोनदा मागेपुढे केला. बोट पुन्हा वर झालं. शेवटपर्यंत तेवढा एकच निघाला.

“हा घेऊ, अज्जी?”

“मला नको विचारूस,” शालनताई म्हणाल्या. “मला आता वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येत नाहीत.”

वल्लरीने त्या फेडरवर स्वतः बोट ठेवलं, हलकेच सरकवून पाहिलं, पुन्हा डोळे मिटून ऐकलं.

“हाच,” ती मल्लाप्पाला म्हणाली. “तेवढा एक फेडर साफ करून द्या, अण्णा.”

“रंग उडालाय, ह्याचा फोटो चांगला यायचा नाही, अगोदरच सांगतो,” मल्लाप्पा म्हणाला आणि त्याने पंखा लावला. पंखा कुरकुरला असावा, कारण वल्लरीने चटकन वर पाहिलं. शालनताईंनीही पाहिलं. पाती हळूहळू वेग घेत होती.

मग त्या बोर्डाकडे वळल्या आणि एकेक फेडर खाली आणून ठेवू लागल्या. फेडर वर ठेवून आप्पाजी कुणाला घरी जाऊ देत नसत.