जांभळ्या टोपणाची नळी

ज्या माणसाची नुसती आठवण झाली तरी मॅडमच्या अंगाची लाही लाही व्हायची, त्याच माणसाला बाहेरचा परीक्षक म्हणून बोलवावं असं मॅडमनी स्वतःच सुचवलं होतं. विद्यापीठानं होकार दिला त्या दिवशी त्यांनी अख्ख्या स्टाफरूमला चहा पाजला. सहकाऱ्यांना वाटलं, बाईंना बढती मिळाली. बढती कसली डोंबलाची! इतकी वर्षं गळ टाकून बसलेल्या बाईच्या गळाला मासा लागला होता.

गोष्ट जुनी आहे. मॅडम तेव्हा बारा वर्षांची पोर. बाबांना जुलाब-उलट्या लागल्या म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं. माणूस उठून बसत होता, थट्टा करत होता, आणि आई त्याला चमच्याचमच्यानं संत्र्याचा रस पाजत होती. नर्सनं रक्ताच्या दोन नळ्या भरल्या. खाली न्यायला कुणी नव्हतं, म्हणून ही पोरच त्या घेऊन तळमजल्यावरच्या लॅबमध्ये पळाली.

लॅबमध्ये एक तरुण शीळ घालत बसला होता. त्यानं लाल टोपणाची नळी उजेडाला धरली. रक्त कमी होतं. "आता परत सुई टोचायला कोण वर चढणार?" असं म्हणत त्यानं दुसरी, जांभळ्या टोपणाची नळी उघडली आणि तिच्यातलं थोडं रक्त लाल टोपणाच्या नळीत ओतलं. "भागलं काम!" म्हणाला, आणि पोरीकडे बघून डोळा मारला. पोर हसली. तिला काय कळतंय!

तासाभरात डॉक्टर वॉर्डात तरातरा आले. "पोटॅशियम आभाळाला टेकलंय आणि कॅल्शियम पार तळाला गेलंय. काय खायला घातलंत यांना?" आई म्हणाली, "काही नाही हो, संत्र्याचा रस दिला थोडा." डॉक्टर ओरडले, "रस? त्यात पोटॅशियमच असतं! नवऱ्याला मारायला बसलात की काय!" लगेच पोटॅशियम उतरवणारं औषध शिरेतून सुरू झालं. संध्याकाळच्या आत बाबांचं हृदय थांबलं.

डॉक्टर बोलून मोकळे झाले, आईच्या काळजात मात्र ते वाक्य कायमचं रुतून बसलं. तेव्हापासून तिनं कुणाला आपल्या हातानं घास भरवला नाही, नातवंडांनासुद्धा नाही. "नको गं बाई, माझ्या हाताला यश नाही," म्हणायची आणि वाटी सुनेकडे सरकवायची.

पुढे पोर जीवरसायनशास्त्र शिकायला गेली. एमएस्सीच्या पहिल्याच वर्षी सरांनी जांभळ्या टोपणाची नळी हातात धरून सांगितलं, की हिच्या तळाशी रक्त गोठू न देणारा क्षार असतो. त्या क्षारात पोटॅशियम असतं, आणि तो रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतो. या नळीतलं रक्त दुसऱ्या नळीत ओतलंत तर रिपोर्टमध्ये पोटॅशियम चढलेलं आणि कॅल्शियम नाहीसं झालेलं दिसेल, आणि रुग्णाला तसलं काहीच झालेलं नसेल. वर्गानं लिहून घेतलं. मॅडम वही उघडी टाकून उठल्या आणि बाहेर गेल्या.

तो शीळवाला शोधून काढायला फार वेळ लागला नाही. तोवर त्या लॅबचा मुख्य झाला होता. मॅडमनी तोंडावर विचारलं, तसा खुर्चीत रेलून म्हणाला, "बारा वर्षांच्या पोरीला काय दिसतं आणि काय आठवतं! पुरावा आहे का?" वर चहा घेणार का म्हणूनही विचारलं. शेळी जाते जिवानिशी, आणि खाणारा म्हणतो वातड! त्या दिवशी जिना उतरताना मॅडमनी ठरवलं, याच्याच तोंडून वदवून घेईन. चारचौघांत घेईन. तोपर्यंत गप्प.

आणि खरंच गप्प राहिल्या. लग्न झालं, आडनाव बदललं, पोरं झाली, केस पिकले. तिकडे तो मोठा होत गेला. पुस्तकं लिहिली, भाषणं झोडली. मॅडम म्हणायच्या, वाढू दे मेल्याला. जितका उंच चढेल तितका जोरात आपटेल.

परीक्षेच्या दिवशी साहेब आले ते इस्त्रीच्या कोटात. मॅडमना त्यांनी ओळखलं नाही. सकाळी यीस्टचं प्रात्यक्षिक झालं. पोरं साखरपाण्यात यीस्ट कालवून बुडबुडे मोजत होती आणि साहेब टेबलाटेबलावरून कौतुक करत फिरत होते. "एका पेशीचा जीव, पण साखर फोडायची रीत तुमच्या-आमच्यासारखीच, काय?" पोरं खूश. परीक्षक मवाळ आहे म्हटल्यावर कोण खूश होणार नाही!

दुपारी तोंडी परीक्षा. रीत अशी, की प्रश्न आतल्या परीक्षकानं काढायचा, सगळ्यांना तोच विचारायचा, आणि गुण दोघांनी मिळून द्यायचे. मॅडमनी पुठ्ठ्यावर लिहिलेला प्रश्न टेबलावर ठेवला. जुलाब-उलट्यांचा रुग्ण. बसतो, बोलतो, थट्टा करतो. रिपोर्टमध्ये पोटॅशियम भयंकर चढलेलं, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. बायकोनं संत्र्याचा रस पाजला आहे. चूक कुठे झाली?

साहेबांनी वाचलं. मग मान वर करून पहिल्यांदाच मॅडमकडे नीट पाहिलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हा प्रश्न जरा... दुसरा घेऊ या का?"

"सगळ्यांना एकच, साहेब. नियम आहे," मॅडम गोड हसल्या. "पाठवा रे पहिल्याला!"

पहिला आला वर्गातला बडबड्या. वाचता वाचताच म्हणाला, "सोप्पं आहे सर! लॅबवाल्या गाढवानं जांभळ्या नळीतलं रक्त लाल नळीत ओतलं."

"भाषा सांभाळ," मॅडम म्हणाल्या. "पण उत्तर बरोबर ना, साहेब? द्या गुण."

साहेबांनी दिले. दुसरी आली, तिनंही तेच सांगितलं. तिसऱ्यानं तेच. प्रत्येक जण आत यायचा, हसतमुखानं साहेबांच्या थोबाडीत मारायचा, थँक्यू सर म्हणायचा आणि जायचा. साहेबांनी कोट काढला, पाणी मागवलं, मग परत मागवलं. चोराच्या मनात चांदणं! मॅडमच्या जिवाला इतका गारवा कधीच मिळाला नव्हता. एकेक उत्तर त्या चवीचवीनं ऐकत होत्या.

शेवटी एक जाड चष्म्याची मुलगी आली. तिनं चूक सांगितली आणि वर म्हणाली, "पण सर, तो माणूस घाईत असेल."

बुडत्याला काडी सापडावी तसे साहेब पुढे झुकले. "हो ना! कामाचा केवढा ताण असतो. होतं असं कधी कधी."

"बरं," मॅडमनी मुलीला विचारलं, "रुग्ण दगावला. पुढे त्यानं काय करायला हवं होतं?"

"सांगायला हवं होतं, मॅडम." मुलीनं चष्मा सावरला. "तेव्हा कसली घाई होती?"

साहेबांनी गुण लिहिले. मुलगी गेल्यावर ते खालमानेनं म्हणाले, "तुम्हाला माझ्याकडून काय हवंय?"

"माझी आई स्टाफरूममध्ये बसलीय. तिला सांगायचं. सगळं."

आईला मॅडमनी 'चल, माझं कॉलेज तरी बघ' म्हणून मुद्दाम आणलं होतं. ती पंख्याखाली पर्स मांडीवर घेऊन बसली होती. साहेब तिच्यासमोर उभे राहिले, आणि खरं सांगायचं तर, काही न लपवता बोलले. नळी, ओतलेलं रक्त, खोटा रिपोर्ट, सगळं. "दुसऱ्याच दिवशी माझ्या लक्षात आलं होतं. नोकरी नवी होती. घाबरलो आणि गप्प बसलो."

"म्हणजे रसानं नाही गेले ते?" आईनं विचारलं.

"नाही हो. जुलाबांनी त्यांचं पोटॅशियम आधीच उतरलं असणार, त्यात त्या औषधानं आणखी उतरवलं आणि हृदय थांबलं. तो रस योग्यच होता. तुम्हीच तेवढ्या बरोबर करत होतात."

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मॅडम दाराशी उभ्या होत्या. त्यांना वाटलं, आता उठेल आणि याच्या मुस्काटात ठेवून देईल. दे आई, दे एक! इतकी वर्षं त्या याच घटकेसाठी जगल्या होत्या.

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि मान वळवली ती लेकीकडे.

"तुला कधी कळलं?"

"एमएस्सीला असताना."

"एमएस्सीला?" आई पुटपुटली. "तुझं लग्नसुद्धा झालं नव्हतं गं तेव्हा."

"तुला खरं वाटलं नसतं, आई. म्हणाली असतीस, मला बरं वाटावं म्हणून सांगतेय. मला त्याच्याच तोंडून..."

"सांगून तरी बघायचं होतंस!" आई ओरडली. तिला एवढ्या मोठ्यानं ओरडताना मॅडमनी कधी ऐकलंच नव्हतं. मग ती साहेबांकडे वळली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुम्ही घाबरलात, कळलं मला. हिला कसली भीती होती हो?"

आईनं पर्स उचलली, लेकीनं पुढे केलेला हात बाजूला सारला आणि "मी जाते माझी रिक्षानं," म्हणून ती जिन्याकडे निघाली.