सासूबाईंचा खटक्याचा डबा

माझ्या सासूबाई, केशोरीच्या कलाबाई मेश्राम, यांचा दोन गोष्टींवर राग होता. एक माझी गाडी आणि दुसरी परत न आलेला डबा.

गाडीबद्दल त्यांचं चुकत नव्हतं, हे आज कबूल करतो. २००९च्या दिवाळीत मी जुनी टर्बो डिझेल गाडी घेतली आणि मोठ्या तोऱ्यात त्यांच्या अंगणात नेऊन उभी केली. अंगणात उडदाच्या वड्या वाळत होत्या. गाडीनं असा निळा धूर सोडला की त्या वर्षीच्या वड्यांच्या भाजीला डिझेलचा वास होता. सासूबाईंनी ती भाजी मला आग्रहानं दोनदा वाढली आणि सांगितलं, ही गाडी पुन्हा अंगणात दिसायला नको.

जानेवारीत माझ्या बायकोला, मोनालीला, सातवा महिना लागला. सासूबाईंनी फोनवर निकाल दिला: बारा दिवसांनी मी येते, पोरीला एसटीनं घेऊन जाते, जावईबापूंनी थेट नामकरणाला यावं. आम्ही राहायचो गोंदियाजवळ फुलचूरला, मी शिकवायचो आमगावला. एसटी बदलत बदलत रविवारी केशोरीला जाऊन रविवारीच परतणं जमण्यासारखं नव्हतं. म्हणजे तीन महिने बायकोचं तोंड दिसणार नव्हतं. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. मला ते सोसणार नव्हतं, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मी फोनवर इतकी भुणभुण लावली की त्या कंटाळून म्हणाल्या, धूर नाही निघाला तर बसू तुमच्या गाडीत.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. धूर का निघतो यावर मी चुन्नीलाल मिस्त्रीला दहा मिनिटं समजावून सांगितलं. ते सगळं चूक निघालं. चुन्नीलालनं बॉनेट उघडून दाखवलं: इंजिनाच्या पोटातली वाफ सोबत तेल घेऊन वर येते, नळीनं टर्बोत शिरते, तिथून इंजिनात जाऊन जळते. मधे एक बंद टाकी बसवली की तेल तळाशी साचतं आणि हवा तेवढी पुढं जाते. तशी टाकी नागपूरहून यायला पंधरा दिवस लागणार होते.

"सर, घर से टाइट ढक्कन का कोई स्टील का डब्बा ले आओ," चुन्नीलाल म्हणाला.

मोनाली शेजारी गेली होती. फळीवर सगळ्यांत वर एक डबा होता, झाकणाला खटका, आत रबर. त्यातले तिळाचे लाडू मीच संपवले होते. उचलला आणि निघालो.

चुन्नीलालनं झाकणाला दोन भोकं पाडून एक लांब आणि एक आखूड नळी जोडली. आत भांडी घासायची तारेची घासणी कोंबली. तार सुटून टर्बोत जाऊ नये म्हणून आखूड नळीच्या तोंडाला चहाच्या गाळणीची जाळी लावली आणि डबा बॅटरीशेजारी पट्टीनं आवळला. धूर गायब. मी नुसता आरशात मागचा रस्ता बघत गावाला दोन चकरा मारल्या. दर आठवड्याला तेल काढत जा, असं त्यानं बजावलं. माझे विद्यार्थी माझ्यापुढं डोलावतात तशी मी मान डोलावली.

सासूबाई आल्या. जय भीम झाला. हातात पाण्याचा पेला घेण्याआधी त्यांनी विचारलं, "माह्या खटक्याचा डब्बा कुठं हाये?"

सासूबाईंच्या घरच्या प्रत्येक भांड्यावर त्यांचं नाव कोरलेलं असतं. कुठलं भांडं कुणाकडं आहे हे त्यांना झोपेतही ठाऊक असतं. शिवाय त्यांच्याकडचा डबा रिकामा परत करायचा नसतो. मूठभर साखर का होईना, आत घालून द्यायची. मोनाली फळी धुंडाळायला लागली.

मी म्हणालो, डबा गाडीत ठेवला आहे. खोटं काहीच नव्हतं त्यात.

नवेगावपर्यंत सासूबाई मान वळवून मागच्या काचेतून धूर शोधत होत्या. सापडेना, तेव्हा झोपल्या. मोनाली हळूच म्हणाली, डिकीत तर डबा नाही. मी म्हणालो, मला गाडी चालवू दे.

केशोरीच्या अंगणात गाडी बिनधुराची शिरली. सासरे खुशालराव यंत्राचे शौकीन. धूर कसा घालवला ते दाखवा म्हणाले. मी म्हणालो, इंजिन गरम आहे. तेवढ्यात मोनालीनं गाडीच्या आतून बॉनेटचा खटका ओढला.

बॅटरीशेजारी, डोक्यात दोन रबरी नळ्या खुपसलेला डबा उभा होता. ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव लख्ख दिसत होतं: सौ. कलाबाई खुशाल मेश्राम, केशोरी.

मी सगळं सांगितलं, पार घासणी आणि गाळणीपर्यंत. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खोला."

खटका काढला. आत दीड वाटी काळंकुट्ट तेल.

"रिकामा नाही आणला म्हणा," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी तेलात बोट बुडवून चोळून पाहिलं. बैलबंडीच्या आसाला घालायला झकास आहे म्हणाले आणि जुनं पातेलं आणून ओतूनही घेतलं. आता डबा काढून घेतील या भीतीनं मी मात्र परतीच्या एसटीची वेळ आठवत उभा होतो.

"किती दिवसाचं व्हय हे?" सासूबाईंनी विचारलं.

"आठ दिवसांचं."

"अन् नाही काढलं तं?"

"पुन्हा धूर."

त्यांनी मोनालीकडं पाहिलं. मोनाली पोटावर हात ठेवून माझ्याकडं बघत होती.

"मंग दर रविवारी गाडी इथं आणत जा," सासूबाई म्हणाल्या. "तेल इथंच काढायचं." मग सासऱ्यांकडं हात करून म्हणाल्या, "यायच्या बंडीले लागते. अन् जातानी हा डब्बा रिकामाच नेजा."

खटका त्यांनी स्वतः लावला, दोनदा दाबून पाहिला.

बाळंतपणापर्यंत मी एकही रविवार चुकवला नाही. पुढं पुढं तेल इतकं कमी झालं की डब्यातून जेमतेम पळीभर निघायचं. सासूबाई वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, बरंच साचलं, पुढच्या रविवारी या.