सुकाणूचा उपास

आमच्या नातीचं, उत्कर्षाचं लग्न २०२२ च्या डिसेंबरात झालं. लग्नात विहीणबाईंनी सहज विचारलं, की तुमचा मूळचा धंदा काय. मी शेती म्हणणार, तोवर आमचे हे मधेच म्हणाले, "तर. नदीवर तर होती आमची." बाई शहरातल्या. त्यांना काही कळेना. मग यांनी हातातली ताटली बाजूला ठेवून त्यांना समजावलं, की पूल नव्हता तेव्हा माणसं, शेरडं, भाजीच्या पाट्या या काठावरून त्या काठावर नेणारी नाव म्हणजे तर, आणि ती चालवणारे आम्ही. सांगताना त्यांचे दोन्ही हात वल्ह्यावर असल्यासारखे हलत होते.

रात्री घरी आल्यावर म्हणाले, "मैना, मला परत नाव पायजे."

"झोपा आता," मी म्हटलं. "दिवसभर उभे होतात."

मला वाटलं, विसरतील. पण ते विसरले नाहीत. पूल झाला तेव्हा नाव विकली, पुढे शेतं गेली, तिथे इमारती उभ्या राहिल्या, आम्ही विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये आलो. इतक्या वर्षांत त्यांनी नावेचं नाव काढलं नव्हतं. आता मात्र रोज तेच.

आमचा मुलगा रविराज म्हणाला, "आबा, सत्तरीनंतर लोक बाग करतात."

"बागेला पाणीच घालायचं ना? मी थेट पाण्यावरच जातो."

"आणि आईचे गुडघे?"

"म्हणून तर बसायला गादी असलेली बघायची. खोलीबिली असलेली. आता काय आपल्याला माणसं न्यायची हायत?"

रविराजने हसण्यावारी नेलं, पण चौकशी केली. मुळशीकडे धरणाच्या पाण्यावर एक क्लब होता. तिथे लोक आपापल्या मोटरबोटी ठेवत आणि जुन्या विकतही. तेजस नावाचा मुलगा ते काम बघायचा.

मला बोटीची भीती नव्हती. भीती वेगळीच होती. लग्नाआधीच्या दिवाळीत मंडईत भेंडी निवडता निवडता हे खाली बसले होते. घामाने सदरा चिंब, डोळे कुठेतरी भलतीकडे. गाळेवाल्याने उसाचा रस पाजला तेव्हा शुद्धीवर आले. डॉक्टरांनी सांगितलं, साखरेची गोळी घेऊन उपाशी राहता त्याने होतं हे, पुन्हा करू नका. मंडईत चार माणसं धावून आली. पाण्याच्या मध्यावर कोण येणार? तिथे मी एकटी. आणि मला बोट काठाला आणता येत नव्हती.

येत नव्हती, कारण आमच्याकडे बाईने सुकाणूला हात लावायचा नाही अशी रीत. बाईने पुढे, टोकाशी बसायचं. काठ आला की दोरी घेऊन उडी मारायची आणि खुंटाला बांधायची. मी पदर खोचून कितीतरी वर्षं ती उडी मारली. नाव कुठे वळते, कुठे ओढली जाते, ते मला पाठीला कळायचं. पण वळवली कधीच नाही.

दुसरी रीत उपासाची. नवी नाव पाण्यात घालायची तर जो चालवणार त्याने अन्न तोंडात घ्यायचं नाही. पलीकडचा काठ टेकायचा, माघारी यायचं, मग घास. मधेच खाल्लं तर ती नाव त्याची नाही. माझ्या दिराने असंच एकदा शेंगदाणे खाल्ले होते. ती नाव घरात कुणी चालवली नाही, विकून टाकली.

पहिली बोट बघायला गेलो तेव्हा हे उपाशीच निघाले. मी म्हटलं, "अहो, नुसती बघायची हाय. घ्यायची थोडीच हाय?"

"पाण्यात पाय ठेवला की नवीच."

"पण गोळी?"

"घेतली की."

म्हणजे गोळी घेतली, आणि पोटात काही नाही. मी डब्यात पोहे घेतले, पिशवीत गुळाचा खडा ठेवला आणि सगळा रस्ता त्यांच्या कपाळाकडे बघत बसले. घाम आला की नाही एवढंच.

त्या दिवशी काही झालं नाही. बोट लहान होती. झोपायची जागा पुढच्या टोकात, तिथे रांगत जावं लागे. तेजस म्हणाला, "काकू, कोझी आहे ना एकदम?" मी म्हटलं, "बाळा, मांजराला चांगली हाय." हे पलीकडे जाऊन आले, पोहे खाल्ले आणि म्हणाले, हिचं तोंड जड आहे, वाऱ्यात ऐकणार नाही.

दुसरी बोट बघायलाही हे उपाशीच आले, आणि ती बघताक्षणी त्यांना आवडली. पांढरी, उंच. खाली खोली, पलंग, चहाला शेगडी, संडास, आंघोळीची सोय. आणि वर छपरावर चालवणाऱ्याची जागा. उघडी, चारी बाजूंनी पाणी दिसणारी. वर जायला लोखंडी उभी शिडी.

"नावाड्यानं उभं राहून बघायचं असतं," हे म्हणाले. "इथनं सगळं दिसतंय."

"मला वर चढता येणार न्हाय," मी म्हटलं.

"तुला कशाला चढायचंय? खाली बस गादीवर. चहा कर."

मला गादीवर बसवेना. मी शिडीच्या तळाशी उभी राहिले, कठड्याला धरून. बोट निघाली. वर हे आणि तेजस. थोड्या वेळाने तेजस खाली आला. म्हणाला, "काका मस्त चालवतायत. नॅचरल आहेत." मग तो रविराजला आंघोळीची जागा दाखवायला आत गेला. नळ कसा उघडतो, गरम पाणी कुठून येतं.

मी वर बघत राहिले. यांचे पाय दिसत होते. मग मला पाठीला कळलं की बोट वळते आहे. समोर पाण्यात बुडालेल्या झाडांचे वाळके शेंडे होते, आणि आमचं तोंड तिकडे चाललं होतं.

"अहो," मी हाक मारली.

यांचे पाय जागचे हलले नाहीत.

"अहो, झाडं हायत तिकडं."

मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसरीवर ठेवला आणि गुडघा मोडल्यासारखा झाला. तिथेच लोंबकळले. वर जाता येईना, खाली उतरता येईना. शेंडे जवळ येत होते. मी ओरडून रविराजला हाक मारली. तेजस बाहेर आला, मला एका हाताने बाजूला सरकवून वर गेला. बोटीचा आवाज बसला. ती हेलकावत थांबली.

हे सुकाणूच्या चाकावर ओणवे झाले होते. मी पिशवीतला गूळ रविराजकडे दिला, त्याने वर नेला, त्यांच्या तोंडात कोंबला. त्यांनी तो चघळला, तेवढं दिसलं, आणि मी खाली फळीवर बसले.

परत येताना गाडीत, चांदणी चौकाच्या अलीकडे हे म्हणाले, "ती नाव गेली."

रविराज म्हणाला, "आबा, तुम्ही गूळ खाल्ला ते बोटीला काय कळतंय?"

"मला कळतंय ना."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला ती नकोच होती."

"नव्हतीच. म्हणून काय तुम्हाला तसंच पडू देऊ?"

"गूळ दिलास ते बरंच केलंस. पण नाव गेली."

मला वाटलं, संपलं. पण महिन्याच्या आतच ते तेजसला फोन करून तिसरी बोट कधी दाखवतोस म्हणून विचारू लागले. मी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर रागावले. हे सगळ्याला हो म्हणाले आणि जिन्यात मला म्हणाले, "डॉक्टरला काय माहीत, नाव म्हणजे काय." तू येत नसशील तर मी तेजसला घेऊन जातो, असंही म्हणाले. तेव्हापासून मला झोप लागेना. न्यावं तर ही भीती, न न्यावं तर ते माझ्यावाचून जाणार.

तिसरी बोट बुटकी होती. एकच मजला. चाक आत, आणि चाकाशेजारी माणूस आडवा होईल असं लांब बाक. मागे पाण्याला लागून रुंद पायरी, धरायला दांडा. संडासातही दांडा. पलंगापर्यंत सरळ चालत जाता येत होतं. रविराजला ती दिसायला फार साधी वाटली. मला तिच्यात कुठेही लटकावं लागणार नव्हतं.

काठावरच मी डबा उघडला आणि भाकरी-पिठलं यांच्यासमोर ठेवलं.

"खा."

"उपास हाय माझा. माहीत हाय ना तुला?"

"आज उपास माझा हाय. सकाळपासनं चहासुद्धा न्हाय घेतला."

"तुझा कसला उपास?"

"चालवणाऱ्याचा."

तेजस म्हणाला, "काकू, चालवलीय का आधी कधी?"

"न्हाय."

"मग..."

"तू शेजारी उभा राहा. शिकव."

हे हळू म्हणाले, "बाईनं हात लावायचा नसतो, मैना."

"आणि उपाशी माणसानंच चालवायची असती. दोन्ही रिती तुमच्याच घरच्या. एक तर मोडणार. कुठली मोडायची ते तुम्ही सांगा. मला एवढंच पायजे, की तुम्ही आडवे झालात तर मला काठ गाठता यावा."

रविराज बूट काढायच्या निमित्ताने लांब गेला. तेजस मोबाईल बघू लागला. मी पदर खोचला. नाही म्हणाले तर काय करायचं, हे मी ठरवलं नव्हतं. पुढे काही सुचलंच नव्हतं.

हे खाली बसले. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, खाल्ला. दुसरा मोडला. म्हणाले, "मीठ कमी हाय."

मी आत जाऊन चाक धरलं.

बोट नीट गेली असं मी म्हणणार नाही. मी वळवायची आणि ती उशिरा वळायची, मग नको तितकी वळायची. हे शेजारच्या बाकावर बसून म्हणत, "आधी सोड, मग बघ, मग परत धर." पलीकडचा काठ टेकला तेव्हा मी रडले. परत आल्यावर उरलेली अर्धी भाकरी मी खाल्ली. ती बोट आम्ही घेतली.

दोन हिवाळे आम्ही तिच्यावर गेलो. आठवड्यातून एकदा, रविराजला वेळ असेल तेव्हा. तो काठावर थांबायचा. माझी भीती गेली नाही. यांचं बोलणं जरा थांबलं की मी विचारायची, "अहो, जागे हाय ना?" ते म्हणायचे, "हाय. तू पाण्याकडं बघ."

शेवटच्या वेळी ते बाकावर आडवे होते, पोट भरलेलं होतं. "उजवीकडं खडक हाय, बेतानं," म्हणाले. मी बेताने घेतलं. मग विचारलं, जागे हाय ना. उत्तर आलं नाही. इंजिन बंद करून मी त्यांच्या तोंडात गूळ घातला. तो तसाच राहिला. छातीवर हात ठेवून बघितला, गालावर ठेवून बघितला. त्यांच्या अंगावर शाल घातली, आणि इंजिन चालू केलं. काठ लांब होता. मी बोट आणली. क्लबच्या माणसांनी दोरी धरली, रविराज आत आला.

दवाखान्यात सांगितलं, साखरेचं काही नव्हतं, हृदय थांबलं, बाकावरच गेले असणार.

माझे यजमान संभाजी रविवारी, ९ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी मुळशीच्या पाण्यावर वारले.