नुसतं विष

टायपन सापाच्या विषाचा थेंब नळीतल्या रक्तद्रवात पडला की तेरा सेकंदांत तो द्रव गोठतो. माणसाच्या अंगात हेच झालं की रक्ताची गोठायची ताकद त्यातच खर्च होऊन संपते, हिरड्या वाहू लागतात, मग श्वास जातो. पोर्ट मोर्सबीच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं हे सेकंद मोजतेय. इथल्याच जुन्या वागीकाकांनी शिकवलं. म्हातारा भारी खडूस!

त्या सकाळी आतल्या एका गावातून तिथल्या दवाखान्यातल्या सिस्टर इगोचा फोन आला. गावातल्या बोइओ नावाच्या मुलीला रताळ्याच्या मळ्यात टायपन चावला होता. शहरातलं विषावरचं ताजं औषध संपलेलं. उरल्या होत्या सहा जुन्या बाटल्या, तारीख उलटलेल्या, वीज गेली तेव्हा आमच्या फ्रिजमध्ये तापलेल्या.

"त्यात जीव आहे का सांग," इगो म्हणाली. "नसला तर आम्ही आत्ताच तिला घेऊन निघतो. चार तासांची वाट आहे."

"थांब, अर्ध्या तासात सांगते."

विषाचं पाणी सकाळीच कालवून ठेवलं होतं. तेच घेतलं, औषधात मिसळलं, रक्तद्रवात सोडलं. नळी हलवत बसले. एक मिनिट, दोन, तीन. गोठेचना. म्हणजे औषधानं विष मारलं! मी आनंदानं ओरडलेच. इगोला कळवलं, बाटल्या गाडीत घालून पाठवल्या.

दोन तासांनी वागीकाका आले. तोंडात सुपारी, दात लालभडक.

"औषध न घालता नुसतं विष लावून पाहिलंस?"

"काका, घाई होती हो."

"घाई! अगं, नुसतं विष आधी. पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं तुला?"

लावलं. नुसतं विषही रक्तद्रव गोठवेना. बर्फाबाहेर राहून ते केव्हाच मेलं होतं. ताजं कालवलं तर तेरा सेकंद. ताजं विष आणि औषध, चौदा सेकंद. औषध पाण्यासारखं होतं.

गाडीतल्या माणसाचा फोन लागेना. इगोला लावला.

"ते औषध निकामी आहे. माझी चूक झाली. तिला आत्ता उचला, श्वास थांबला तर तोंडावर श्वासाची पिशवी दाबत या. इथे श्वासाचं यंत्र आहे."

"किला, आम्ही तुझ्या भरवशावर बसून राहिलो गं." एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

तीन तास इगो पिशवी दाबत आली. बोइओनं शहराच्या वेशीवर प्राण सोडला. इगोची बोटं सरळ होत नव्हती.

रविवारी मी त्या गावी गेले. काका म्हणाले, "मी येतो बरोबर." मी म्हटलं, "नको. सेकंद मी मोजले होते."

बोइओच्या आईसमोर जमिनीवर बसले. तिला वाटलं, शहरातून सांत्वनाला आलेय. तिनं माझ्यापुढे रताळी आणि मासे ठेवले.

"आधी खा, पोरी. लांबून आलीस. मग बोलू."

पोटात सकाळपासून काही नव्हतं. पण तिच्या घरचा घास मी खरं लपवून खाणार होते का? पान बाजूला सरकवलं आणि आधी सगळं सांगितलं.