अजून फिरतेय

“आता काय म्हणतंय?” लंबूने विचारले.

“तेच. तिसरी चढवा म्हणतंय,” मी म्हणालो.

सकाळपासून माझ्या लॅपटॉपने आम्हाला तिसऱ्या डिस्कपाशी अडवून धरले होते. त्यातला एक प्रोग्रॅम स्वतःला आमच्या ऑफिसातले जुने मेनफ्रेम, म्हणजे खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर, समजत होता. खरे मशीन केव्हाच भंगारात गेले. पण कुणा हौशी माणसांनी त्याची हुबेहूब नक्कल करून ठेवली होती, आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या सगळ्या डिस्कही फायलींच्या रूपात जपल्या होत्या. एकामागून एक त्या मशीनला द्यायच्या, की सिस्टिम बसते. सांगायला सोपे. माझ्या हातून ते होईल असे मला सुरुवातीपासूनच वाटत नव्हते.

लंबूला वाटत होते. काचबिंदूने त्याची नजर गेली होती, तेव्हा पडद्यावरची माझी फजिती त्याला दिसत नव्हती, हेही त्याचे कारण असेल.

संध्याकाळी त्याची लेक त्याला कायमचे आपल्या घरी नेणार होती. जाण्याआधी एकदा मशीन नीट बंद करायचे, एवढेच त्याने माझ्याकडे मागितले होते. बंद करायचे तर आधी सुरू व्हायला हवे, म्हणून हा सगळा खटाटोप.

ऑफिसात मी कन्सोलवर बसायचो. मशीनचा निरोप वाचायचा, मोठ्याने सांगायचा, उत्तर टाइप करायचे. डिस्क चढवायचा लंबू. एकेक डिस्क भरल्या पातेल्याएवढी जड, वर कडी. डिस्क एका कपाटात फिरे आणि फिरणे पूर्ण थांबल्याशिवाय त्याचे झाकण उघडायचे नाही, असा नियम होता. बाकीचे कपाटावरच्या दिव्याकडे बघत, लंबू झाकणावर तळवा ठेवून उभा राही आणि थांबली की म्हणे, “थांबली.” बढती त्याला कधी मिळाली नाही, आणि मागायलाही तो कधी गेला नाही.

मशीनच्या शेवटच्या दिवशी भंगारवाल्यांनी चालत्या मशीनची वायर सरळ उपटली. लंबू कपाटापाशी गेला आणि तळवा ठेवून उभा राहिला. ती माणसे हसली. “झोपलेल्याच्या अंगावरचं पांघरूण ओढावं तसं केलं रे,” हे तो मला पुढे कितीतरी वर्षांनी म्हणाला.

चहा ठेवून जाताना हिने विचारले, की दोघांना मिळून एक डिस्क चढवता येत नाही, तर ऑफिस चालत होते कसे? लंबू खो खो हसला. मी मॅन्युअल पुन्हा पहिल्या पानापासून उघडले. अडलो की पुस्तकात शिरायची माझी जुनी खोड आहे. तिसरी फाइल नव्याने डाउनलोड केली, तरी तेच. शेवटी मी म्हणालो, की राहू दे, माझ्याच्याने होत नाही.

“पंडित, पुस्तक मीट,” लंबू म्हणाला. “लेक यायला वेळ आहे. पूर्वी करायचो तसं कर. तू सांग, मी चढवतो.”

मला संकोच वाटला. तरी मी म्हणालो, “तीन.”

“चढली.”

मी उत्तर टाइप केले. मशीनने पुन्हा तिसरी मागितली.

लंबूने सावकाश विचारले, “मागची उतरवलीस का?”

पडद्यावरच्या त्या मशीनमध्ये पहिली डिस्क वेगळ्या खणात होती, दुसरी मोकळ्या खणात चढली होती. आता त्याच खणात तिसरी हवी होती, आणि दुसरी तिथेच बसून होती. सबंध नोकरीत मी एकही डिस्क उतरवली नव्हती. मी “तीन” म्हणायचो आणि मला “चढली” एवढेच ऐकू यायचे. त्या दोन शब्दांच्या मध्ये लंबू काय करत होता, ते मी पाठ फिरवून बसल्यामुळे कधी पाहिलेच नव्हते.

दुसरी उतरवली. मशीनने तिसरी मुकाट्याने घेतली.

पुढच्या प्रत्येक डिस्कला लंबूचे हात मांडीवरून उचलले जात, कडी फिरवत, भार तोलत. “उतरली,” तो म्हणे, आणि मग, “चढली.” मी त्याच्या शब्दांच्या मागोमाग टाइप करत होतो.

सिस्टिम तयार असल्याची ओळ आली. त्याने ती मला पुन्हा वाचायला लावली.

“आता बंद कर. नीट.”

मी आज्ञा दिली. चालू कामे संपली, डिस्क एकेक मोकळ्या झाल्या. शेवटची ओळ मी वाचून दाखवली आणि लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

“थांब.” त्याने चाचपडत लॅपटॉपवर तळवा ठेवला. आत पंखा घरघरत होता. “अजून फिरतेय.”

पंख्याचे मी त्याला सांगितले नाही.

दारात त्याची लेक उभी होती. “बाबा, निघायचं ना?” तिने विचारले. त्याने दुसऱ्या हातानेच तिला थांबायची खूण केली. ती चौकटीला टेकून उभी राहिली. हीसुद्धा आतून येऊन उभी राहिली. कुणी हसले नाही.

घरघर मंदावत गेली.

“थांबली,” लंबू म्हणाला, आणि मग त्याने हात उचलला.