सोनिकाच्या आतड्यातला सांगावा

मित्रांनो, डोळ्यांना न दिसणारा, पण फार जुन्या घराण्यातला मी एक जिवाणू आहे. माझा मुक्काम नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या सोनिकाच्या मोठ्या आतड्यात. ती तान्ही असताना तिच्या आईकडून आमचे पूर्वज इथे आले. आम्ही एकाचे दोन, दोनाचे चार होत जातो, म्हणून त्यांची गोष्ट मी माझीच म्हणून सांगतो.

सोनिका ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी आवडीने खाते. त्यातला तिला न पचणारा चोथा हे आमचे जेवण. बदल्यात मी स्निग्ध पदार्थाचा एक इवलासा रेणू घडवतो. शास्त्रज्ञ त्याला स्फिंगोलिपिड म्हणतात. आतड्याच्या भिंतीपाशी शरीराचे पहारेकरी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, उभे असतात. माझा रेणू त्यांना सांगावा देतो, "हे घरचेच आहेत, शस्त्रे खाली ठेवा." एवढे बलदंड पहारेकरी माझे ऐकतात, याचा मला फार अभिमान आहे.

सोनिका शाळेच्या कबड्डी संघात चढाई करते. मोठा सामना जवळ आला आणि तिचे पोट बिघडले. तिचे वडील दुर्गेश यांनी कपाटातून जंतू मारणाऱ्या उरलेल्या गोळ्यांची पट्टी काढली.

"घे वं, मले याच गोळीनं बरं वाटलं होतं."

"पण बाबा, तुमची तर दाढ दुखून राहिली होती!"

"दाढ काय अन् पोट काय, जंतू सारे सारखेच!"

नाही हो, सारखे नाहीत! त्या गोळ्यांनी माझे असंख्य भाऊबंद गेले. सांगावा देणारे थोडेच उरले. पहारेकरी बिथरले आणि आपल्याच भिंतीवर तुटून पडले. भिंत लाल झाली, सुजली. कबड्डीचा दम धरला की सोनिकाच्या पोटात कळ येई.

"मी आता खेळणारच नाही काय?" ती रडून विचारी. मी भिंतीवरच्या चिकट थरात कसाबसा तग धरून होतो.

शेवटी डॉक्टर भैरवी यांनी तिला तपासले. "दुर्गेशभाऊ, शेजाऱ्याचा चष्मा घालता काय तुम्ही?"

"नाही जी."

"मग तुमच्या दाढेची गोळी पोरीले काहून दिली?"

दुर्गेशभाऊंनी मान खाली घातली. डॉक्टरांनी सूज उतरवणारे औषध दिले. तो सामना मात्र हुकला. आधी मऊ भात, मग हळूहळू भाकर आली. औषधाने सूज उतरवली आणि आम्ही पुन्हा वाढून आमचा सांगावा सुरू केला.

पुढच्या सामन्यात सोनिका एका दमात तिघींना बाद करून परतली. "वा वं पोरी!" दुर्गेशभाऊ ओरडले. टाळ्या तिच्यासाठी होत्या, पण आत मीही ताठ उभा होतो.

मित्रांनो, घरात उरलेली गोळी तोंडात टाकण्याआधी डॉक्टरांना विचारा. आत आम्ही राहतो.